सही तिची घ्या

बाळंतपणाच्या कागदावर सही कुणाची, हा प्रश्न कायद्याने कधीच मिटवलाय. बाई अठरा वर्षांच्या पुढची आहे, शुद्धीवर आहे, तर सही तिची. आपल्या कोल्हापुरात मात्र अजून आधी विचारतात, "मिस्टर कुठं आहेत?"

माझी मामेबहीण पहिलटकरीण, माहेरी आली होती. रात्री कळा सुरू झाल्या, गावातून गाडी करून तिला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात आणलं. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, सिझर करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. सिस्टर फॉर्म घेऊन बाहेर आल्या. "पाव्हणं आल्यात काय? सही पायजे." पाव्हणं, म्हणजे तिचा नवरा, पुण्याहून निघालेले, अजून कराडलाही पोचले नव्हते. मग मामांची चालेल का, सासूबाईंना फोन लावा, असं सुरू झालं. आत टेबलावर असलेली ही मुलगी एका पतसंस्थेत कर्जाची प्रकरणं बघते. जामीनदारानं कुठं सही करायची हे ती दिवसभर लोकांना बोट ठेवून दाखवते. तिच्या स्वतःच्या पोटावरच्या कापाचा कागद तिच्यापर्यंत गेलाच नाही. शेवटी मामांनी सही केली. फॉर्म इंग्रजीत होता, कुणी वाचून दाखवला नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, देवाची कृपा. पण म्हणून हे बरोबर ठरत नाही.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीचं एक प्रकरण आलं होतं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईच्या आईची सही घेऊन डॉक्टरांनी त्या बाईची गर्भपिशवी काढून टाकली होती. न्यायालय म्हणालं, जिवावर बेतलेलं नसताना सज्ञान बाईच्या वतीनं आईसुद्धा संमती देऊ शकत नाही. तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे.

गर्भपाताचं तर आणखी स्पष्ट आहे. १९७१ चा कायदा नवऱ्याची सही कुठंच मागत नाही. पालकाची लागते ती मुलगी अठराच्या आतली असेल किंवा मानसिक आजारी असेल तरच. २०२१ च्या दुरुस्तीनं गर्भपात केलेल्या बाईचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद ठेवली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित मुलींनाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत आणलं आणि डॉक्टरांना बजावलं, की कायद्यात नसलेल्या अटी, घरच्यांची संमती वगैरे, घालू नका. तरी नवऱ्याला घेऊन या म्हणून बाईला परत पाठवतात. उशीर झाला की आठवडे वाढतात, धोकाही वाढतो. आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या, त्यामुळं इथं सोनोग्राफीवर कडक नजर आली, आणि यायलाच हवी होती. पण गर्भलिंग निदानाचा कायदा वेगळा, गर्भपाताचा वेगळा. एकाच्या भीतीनं दुसऱ्यातला हक्क अडवायचा नसतो.

डॉक्टरांची बाजू मला कळते. काही कमीजास्त झालं की नातेवाईक काचा फोडतात, म्हणून चार जणांच्या सह्या घेऊन ठेवतात. घ्या की! साक्षीदार म्हणून नवऱ्याची घ्या, सासूची घ्या. पण निर्णयाच्या रेघेवर तिची हवी. खरंच जीव जायची वेळ असेल तेव्हा तर कुणाच्याच सहीसाठी थांबू नये.

आणि हे सगळं कळा सुरू झाल्यावर का? नवव्या महिन्याच्या तपासणीलाच फॉर्म हातात द्या, मराठीत द्या. सिझर कधी लागतं, भूल कसली देतात, लगेच तांबी बसवणार असाल तर तेही, सगळं तिच्याशी बोला. आशाताई घरोघर जातातच, त्यांच्याकडंही तो मराठी कागद असू दे. २०२१ पासून महाराष्ट्रात खाजगी दवाखान्यांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. शहरातल्या दवाखान्यांची नोंदणी महापालिका करते. नूतनीकरणाला अर्ज आला की त्यांनी दोन गोष्टी बघाव्यात: सनद भिंतीवर आहे का, आणि संमतीचा फॉर्म मराठीत आहे का.