पोट्टेहो, आर्थर काही केल्या वाचत नाही

आपल्या दर्यापूरकडच्या ग्रुपवर एक ऑडिओ फिरून राह्यला का रेड डेड रिडेम्प्शन २ या व्हिडिओ गेममंधी ऑनर (चांगलं-वाईट वागण्याचा मीटर) फुल ठेवला तं हिरो आर्थर मॉर्गन वाचते, सीक्रेट एंडिंग हाय म्हणे. नाही राजेहो. २०१८ चा गेम हाय, शेवट वेगवेगळे हायेत पण आर्थर सगळ्यातच मरते. ऑनर चांगला अन् टोळीतल्या जॉनले साथ दिली तं डोंगरावर सूर्य उगवताना टीबीनं जाते, ऑनर खराब असला तं टोळीतला गद्दार मायका मारते, बस. टीबी लागते ते कर्जवसुलीच्या मिशनमंधी, कर्जदार थॉमस डाउन्सले ठोकताना तो आर्थरच्या तोंडावर रक्त खोकलते तिथं, अन् ते मिशन केल्याबिगर स्टोरी पुढं सरकतच नाही (कर्जवसुली म्हटलं का आपल्याले वेगळंच आठवते, जाऊ द्या). एपिलॉगमंधी (आर्थर मेल्यानंतरच्या भागात) आर्थर फिरताना दाखवतेत ते व्हिडिओ मॉडचे (लोकायनं गेममंधी केलेल्या बदलाचे) नाहीतं ग्लिचचे हायेत.

मले समजते काहून पसरते हे. त्याले आपणच खाऊ घातलं, त्याच्या घोड्याले खरारा केला, त्याची डायरी वाचली, मंग माणूस मेला का वाटते आपलंच काही चुकलं. चुकलं नाही बे, लिहिणाऱ्यानं तसंच लिहिलं. तिसऱ्यांदा रिस्टार्ट मारणाऱ्यायनं जरा झोपा आता.