वॅगनमध्ये डिझेल इंजिन बसवू नका

पाचगणीहून विलीज या जीपवाल्या अमेरिकन कंपनीची जुनी दोन दारांची स्टेशन वॅगन साताऱ्यात घरी आणली, हे कळल्यापासून ओळखीतले निम्मे लोक एकच विचारतायत: "मग, डिझेल कुठलं बसवणार?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो. कुठलंच बसवणार नाही. तिचं मूळचं पेट्रोल इंजिन तिच्यात आहे आणि तेच राहील. ज्यांच्या शेडमध्ये, गोठ्यामागे, वाड्याच्या पडवीत अशी एखादी गाडी उभी आहे, त्यांनाही माझी हीच कळकळीची विनंती आहे.

नव्या पोरांनी ही गाडी बहुतेक पाहिलेलीच नसते. तोंड जीपचं, पण मागे पूर्ण बंद पत्र्याची लांब बॉडी. दारं फक्त पुढे दोन. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. मागचं दार आडवं दुभंगतं: काचेचा भाग वर उचलायचा, पत्र्याचा खाली टेकवायचा.

१९४६ साली अमेरिकेत विलीज-ओव्हरलँडने ती बाजारात आणली. आकार ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. तोवर तिकडच्या बहुतेक स्टेशन वॅगनची बॉडी लाकडी असायची. वॉर्निश मागणारी, पावसापाण्यात सांध्यांत खिळखिळी होणारी. स्टीव्हन्सने सगळी बॉडी पोलादी पत्र्याची केली. विलीजकडे स्वतःचे बॉडीचे मोठे प्रेस नव्हते, आणि ज्यांच्याकडे काम दिलं त्यांचे प्रेस पत्रा साधारण सहा इंचांपेक्षा खोल दाबू शकत नव्हते. म्हणून मडगार्ड चपटे, कडा सरळ. अडचणीतून आलेला हा आकार मला त्या काळातल्या कुठल्याही गुबगुबीत गाडीपेक्षा देखणा वाटतो. बाजूच्या पत्र्यात उठवलेल्या चौकटी आणि दोन रंग यांमुळे लांबून लाकडी पॅनेलचा भास होतो, तोही मुद्दाम केलेला. आपल्याकडे महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि जीपच्या मागोमाग या वॅगनही आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्या.

माझी गाडी पाचगणीच्या एका जुन्या बंगल्यात, पत्र्याच्या शेडखाली उभी होती. मालकीणबाई वयस्कर. त्यांचे यजमान असेपर्यंत ती वाईच्या बाजाराला जात-येत होती, ते गेल्यावर जागेवरून हलली नाही. आजींची एकच अट होती: "बाळ, तोडणार नसशील तरच ने. भंगारवाले सारखे येऊन जातात." किंमत इथे लिहीत नाही. एक आकडा फिरला की उद्या प्रत्येक गंजक्या सांगाड्याला तोच भाव सांगितला जातो, आणि खरी आवड असलेला माणूस बाजूला पडतो.

पण पैशांआधी कागद, हे मात्र ठासून सांगतो. आरसी बुक आजोबांच्या नावावर होतं. म्हणजे आधी वारस म्हणून आजींच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, मग आजींकडून माझ्या नावावर येण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. चेसिसवरचा नंबर गंजाखाली गेला होता. रॉकेल आणि तारेच्या ब्रशने तो हळूहळू मोकळा केला, पेन्सिलने ठसा घेतला, बुकातल्या नंबराशी आकडा न् आकडा जुळवला, आणि मगच व्यवहार ठरवला. नंबर जुळत नसेल तर गाडी कितीही देखणी असली तरी परत फिरा.

आता आणण्याबद्दल. "हवा भरा, बॅटरी लावा, उतार तर आहे, येईल चालत," असं सांगणारे बरेच भेटले. कृपा करून असं कुणी करू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या व्हील सिलिंडरमधले, म्हणजे प्रत्येक चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्यातले, पिस्टन गंजून धरलेले असतात, रबर कडक झालेलं असतं. शिवाय ब्रेक ऑइलची लाइन चारी चाकांना मिळून एकच. एका चाकाचं रबर फुटलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. आणि पुढे पसरणीचा घाट आहे! पहिल्यांदा आलेला क्रेनवाला म्हणाला, "दादा, दोर लावतो की, तासाभरात वाईत पोचवतो." त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि विंच, म्हणजे तारेने ओढून घेणारं यंत्र, असलेली सपाट पाठीची फ्लॅटबेड गाडी बोलावली.

तरी आदल्या दिवशी काम बरंच होतं. टायर तडकून रिमवर बसले होते, चाकं फिरेनात. जीपवाल्या मित्राकडून चार चाकं मागून नेली. माझ्या फोर व्हील ड्राइव्ह वॅगनच्या आणि जुन्या महिंद्रा जीपच्या पाच बोल्टांचं माप एकच, साडेपाच इंच. एक गोष्ट लक्षात ठेवा: या जुन्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावत राहिलात तर स्टड तुटणार. आमचे मिस्त्री मुरलेले, त्यांनी हात लावण्याआधीच सांगितलं. ड्रमवर लाकडी ठोकळा ठेवून चौफेर ठोकत त्यांनी एकेक चाक मोकळं केलं. इंजिनाचे प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं, ते मुरू दिलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढून हँडल घातलं. सुरू करायचं नव्हतंच, फक्त धरलंय का ते बघायचं होतं. हँडल फिरलं! मिस्त्री काही बोलले नाहीत, पण त्यांनी बॉनेटवर हात ठेवला तेव्हा मला भरून आलं.

सुट्टीचा दिवस टाळला, कारण शनिवार-रविवारी घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. विंचने गाडी इंचाइंचाने वर घेतली. पट्टे अॅक्सलला बांधले, बंपरला नाही. त्या वयाच्या बंपरच्या बोल्टांवर दीड टनाच्या आसपासचं वजन सोपवायचं नसतं. चाकांना पुढूनमागून ठोकळे लावले. घाटात प्रत्येक वळणानंतर थोडं थांबून पट्टे तपासले. वाई, पाचवड, मग हायवे. आनेवाडी टोल नाक्यावर एक आजोबा आपली गाडी बाजूला घेऊन बघायला आले. "अशीच गाडी आमच्या कारखान्याच्या साहेबांकडं होती," म्हणाले, आणि आत वाकून डॅशबोर्ड बघत राहिले.

आता डिझेलचं. ज्यांनी पूर्वी पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलं, त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांना रोज रानात, बाजाराला, ऊसतोडीला गाडी न्यायची होती, आणि पेट्रोल परवडत नव्हतं. ते कारण खरं होतं. आज या वॅगनला कुणी रोज कामाला जुंपणार नाही, मग ते कारण उरलं कुठे? उलट जड डिझेल इंजिनाचा भार पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर येतो, धक्क्यांनी फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधला, पत्रा चिरतो, आणि तेच जुने ड्रम ब्रेक वाढलेलं वजन थांबवत बसतात.

शिवाय कायदाही बघा. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली. नवी नोंदणी २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, नंबरात 'व्हीए' येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. माझ्या गाडीचा मुंबईचा, बीएमने सुरू होणारा नंबर मला जिवापलीकडे जपायचाय. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठी चालते. मला तेवढं पुरे आहे. पण एकदा इंजिन बदललं की हे दार बंद.

आणि हे इंजिन दुरुस्त होतं. हरिकेन म्हणतात त्याला, २.२ लिटर, चार सिलिंडर, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. महिंद्राच्या पेट्रोल जीपमध्ये हेच इंजिन पुढे कित्येक वर्षं होतं, त्यामुळे सुटे भाग जुन्या बाजारात अजून मिळतात. कारागीर तर आपल्याकडेच आहेत. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात कारखाना काढला, लोखंडी नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत मजल मारली. ज्या जिल्ह्यात चार पिढ्या लेथवर उभ्या राहिल्या, तिथे एक जुनं पेट्रोल इंजिन बोअर करून, पिस्टन घालून उभं राहत नाही असं मला कुणी सांगू नये. फक्त आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर खराब होतं, म्हणून इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घ्या. हा बदल डोळे झाकून करा.

सध्या पत्रा उघडा करून गंज किती खोल गेलाय ते बघतोय. उंबऱ्याखालचा पत्रा जाणार हे दिसतंय, बाकीची बॉडी पाचगणीचा पाऊस सोसूनही शाबूत आहे. मला दोन गोष्टी हव्या आहेत. मागच्या खालच्या दाराच्या कुलपाची मूठ, आणि मूळचा कार्टर कार्बोरेटर, कारण गाडीला मागाहून सोलेक्स कंपनीचा बसवलेला आहे. सातारा, कराड, फलटण, सांगलीकडे कुणाच्या ट्रंकेत, माळ्यावर, बंद गॅरेजात पडून असतील तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. आणि मोडलेली का होईना, पूर्ण वॅगन कुठे उभी दिसली, तर भंगारवाल्याच्या आधी मला सांगा.