चाळीस डॉलरचा सप्रेसर आणि भाच्याचा व्हिसा

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. दाजींनी कागलहून टाकला आणि ऑस्टिनच्या भाच्याने त्याला अंगठा दिला म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर सोडून दिलं असतं. फॉरवर्ड असा, की बंदुकीच्या सप्रेसरसाठी (नळीच्या टोकाला लावायचं, बाराचा आवाज कमी करणारं उपकरण) ९०० डॉलर मोजणारे मूर्ख आहेत, आत नुसती नळी आणि वाट्या असतात. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत टॅक्स शून्य झालाय, आता कसले कागद नाहीत. बॅरल, म्हणजे बंदुकीची नळी, साफ करायचं ४० डॉलरचं किट मागवा, तेच काम करतं. आणि आवाज साफ बंद.

आवाजाचं आधी उरकतो. ५.५६ मिलिमीटरच्या रायफलचा बार १६० ते १६५ डेसिबलचा. चांगला सप्रेसर त्यातले २० ते ३५ कमी करतो, म्हणजे कान वाचतो, पण शेजारी जागा होतोच. शिवाय गोळी आवाजापेक्षा जोरात जाते, तिचा हवेतला कडाका कुठलाच सप्रेसर थांबवत नाही. पिक्चरमधली ती फुस्स विसरा.

"कागद नाहीत" हे अर्धं खरं, म्हणून जास्त डेंजर. १९३४ च्या कायद्याने लावलेला २०० डॉलरचा टॅक्स सप्रेसरपुरता शून्य झालाय, मान्य. पण नोंदणी तशीच आहे, फॉर्म ४ नावाचा सरकारी अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, मंजुरी आल्याशिवाय दुकानदार वस्तू हातात देत नाही. आणि न्यू जर्सी-कॅलिफोर्नियात, जिथे आपली निम्मी मंडळी राहतात, तिथे सामान्य माणसाला सप्रेसर ठेवताच येत नाही, टॅक्स असो नसो.

आता ते किट. इथे माझं डोकं फिरलं. त्याला सॉल्व्हंट ट्रॅप म्हणतात, साफ करताना गळणारं केमिकल धरायची डबी. ती साफसफाईलाच वापरा, कोणी काही म्हणत नाही. पण फेडरल कायद्याच्या टायटल १८, कलम ९२१ मधली सायलेन्सरची (कायद्यात सप्रेसरला हाच शब्द आहे) व्याख्या वाचा, दोन मिनिटं लागतात. आवाज कमी करणारं उपकरण तर आलंच, पण ते बनवायच्या हेतूने जमवलेले पार्टसुद्धा आले, अगदी एक सुटा पार्टसुद्धा, जर तो फक्त त्याच कामाचा असेल तर. म्हणजे "अजून जोडलं कुठंय" हे चालत नाही. मंजुरीशिवाय सापडलात तर १० वर्षांपर्यंत तुरुंग. माझा भाचा एच-वन-बी वर आहे. त्या व्हिसावर एरवी बंदूक ठेवताच येत नाही, त्याने हंटिंग लायसन्स काढलं म्हणून त्याला रानडुकरांसाठी रायफल घेता आली. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर व्हिसाच काय, ग्रीन कार्डवालासुद्धा देशाबाहेर जाऊ शकतो. ४० डॉलरसाठी!

राहिलं "नळी आणि वाट्या". हो, वाट्याच असतात, त्यांना बॅफल म्हणतात, पण त्या कशाच्या आणि किती सरळ बसवल्यात याचेच पैसे. मागच्या वर्षी रेंजवर एका मित्राचा स्वस्तातला सप्रेसर बघितला, बॅरलवर बसवायचे आटे जरासे वाकडे कापलेले. तिसऱ्या की चौथ्या गोळीला टण्ण असा आवाज आला, उघडून बघतो तर पुढच्या टोपणाचं भोक गोल राहिलेलं नाही, एका बाजूने चंद्रकोरीसारखं खरवडलेलं. गोळी आतल्या आत घासली होती. कंपनी तोवर बंद पडलेली, लाइफटाइम वॉरंटी कंपनीच्याच लाइफची निघाली. बॅफल घरी बदलता येत नाही, कारण वर सांगितलं तसं सुटा बॅफलही कायद्याने सायलेन्सरच. विकायचा म्हटलं तरी परत तोच फॉर्म, घेणार कोण? मोबाईल नाही आवडला, टाकला विकून, असं इथे नाही, जे घ्याल ते गळ्यात.

तरी एक कबूल करतो. ९०० च पाहिजेत असं काही नाही. पूर्वी २०० टॅक्स भरायचाच म्हणून लोक उगाच महागातला उचलायचे, ते गणित आता बदललंय. नुसती .२२ ची छोटी गोळी वाजवायची असेल तर नोंदणीकृत दुकानातला स्वस्त अॅल्युमिनियमचा मस्त चालतो, फक्त तो खोलून साफ करता आला पाहिजे, कारण .२२ चं शिसं आत साठतं. टायटॅनियमचे जादा पैसे हलकेपणाचे, रायफल दिवसभर खांद्यावर वागवणाऱ्याला ते वसूल होतात. छोट्या बॅरलवर भराभर झाडणाऱ्याला मात्र इनकोनेल किंवा स्टेलाइटसारखा चिवट धातू बघावा लागतो, तिथे कंजूषी नको.

भाच्याने किट कार्टमधून काढलं, स्क्रीनशॉट पाठवला. मग दाजींचा फोन. त्यांच्याकडे उसातल्या डुकरांसाठी परवान्याची बारा बोअर आहे, म्हणाले दिवाळीला येताना एक तरी आण. म्हटलं दाजी, आपल्या शस्त्र कायद्यातही आवाज दाबणारी वस्तू बंदुकीतच मोजतात, मला विमानतळावरच धरतील, आणि तुमची तर दुनळी आहे.

"मग दोन आण की."