‘लायटरच्या सॉकेटला लावा आणि बोला’ : गाडीतल्या हॅम सेटबद्दल फिरणारा धोक्याचा सल्ला

नव्या हॅम (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्या) मंडळींमध्ये एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतो. आशय असा: गाडीत व्हीएचएफ सेट (बोलायचा-ऐकायचा रेडिओ) बसवायला कसलंही प्लॅनिंग लागत नाही. लायटरच्या सॉकेटमधून पॉवर घ्या, सेट डॅशबोर्डवर डबल टेपने चिकटवा, मॅग्नेटवाली अँटेना टपावर ठेवा, दहा मिनिटांत ऑन एअर. वर पुस्ती: ‘सेटच्या वायरला फ्यूज असतोच.’ परवाना हातात पडल्यावरची घाई मला समजते. पण यातली अँटेना सोडली, तर बाकी सल्ला पाळू नका.

आधी सॉकेट. 50 वॉटचा सेट पूर्ण पॉवरवर बोलताना साधारण 10 ते 13 अँपिअर ओढतो. बऱ्याच गाड्यांत सॉकेटच्या झाकणावरच 120 वॉट लिहिलेलं असतं, म्हणजे 12 व्होल्टला 10 अँपिअर. हँडीच्या (हातात धरायच्या छोट्या सेटच्या) चार्जरला ते पुरतं, या सेटला नाही. प्लगचा स्प्रिंगवाला ढिला कॉन्टॅक्ट तापतो, प्लास्टिक मऊ पडतं. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणी 20 अँपिअरचा घातला, की तापते ती डॅशबोर्डच्या आतली बारीक वायर, आणि ती दिसतही नाही.

थेट बॅटरीवरून घ्यायचं तरी वायरचा हिशेब आधी करा. बॅटरी ते सेट 4 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 8. 1.5 चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरमध्ये 12 अँपिअरला जवळपास 1.1 व्होल्ट वाटेतच जातात. 4 चौरस मिमीची घेतली तर 0.4. इंजिन बंद असताना बॅटरी 12.5 ला असेल, तर बारीक वायरीवर सेटला मिळतात 11.4. बहुतेक सेट 13.8 व्होल्टच्या 15 टक्के खाली-वर चालतात, म्हणजे खालची हद्द 11.7. बारीक वायरीवर सेट त्याच्याही खाली जातो.

आता ती पुस्ती. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. तो सेटजवळ असेल, तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षणच नसतं. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्याच्या कडेवर घासून तिचं इन्सुलेशन गेलं, तर बॅटरी शेकडो अँपिअर त्यात ओतते. म्हणून पॉझिटिव्हचा फ्यूज टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायरभोवतीची संरक्षक रिंग) हवंच. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांत (स्टार्ट-स्टॉपवाल्यांत तो सहसा असतो) सेटची निगेटिव्ह वायर टर्मिनलला जोडू नका. बॅटरीची केबल बॉडीला जिथे बोल्ट केलेली असते तिथे जोडा, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो. इलेक्ट्रिक वा हायब्रिड गाडीत नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबलांच्या आसपास ड्रिल नेऊच नका.

डबल टेपबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. शेजारच्या सीटसमोर आणि बाजूच्या खांबांतही आता त्या सर्रास असतात. त्या उघडतात त्या जागेत किलोभर वजनाचा सेट ठेवला, तर तो सरळ माणसाच्या तोंडावर येतो. मेन सेट सीटखाली वा डिकीत ब्रॅकेटने बोल्ट करा, पुढे फक्त सुटा होणारा कंट्रोल पॅनल आणा. वायरही खांबाच्या प्लास्टिकमागून एअरबॅगला आडवी नेऊ नका.

अँटेनेचा सल्ला बराचसा बरोबर आहे. टपाच्या मधोमध, 145 मेगाहर्ट्झला सुमारे अर्धा मीटर लांबीची पाव तरंगलांबीची काडी उत्तम चालते, आणि आतल्या माणसांच्या डोक्यावर पत्रा राहतो. सनरूफच्या काचेवर मात्र मॅग्नेट बसत नाही. कोॲक्स (अँटेनेची केबल) दारात चेपू नका. मागच्या दाराच्या रबरातून आत घ्या आणि बाहेर खाली झुकता वळसा ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत न येता तिथेच टपकतं.

माइकबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क-साधन वापरणं 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. घाटात तर गाडी बाजूला घेऊनच बोला.

सगळं झाल्यावर गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून कमी पॉवरपासून पीटीटी (बोलताना दाबायचं माइकवरचं बटण) दाबत वर जा. एअरबॅगचा वा एबीएसचा दिवा लुकलुकला, तर तिथेच थांबा आणि अँटेनेची जागा किंवा केबलची वाट बदला. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रान्समीटरसाठी पॉवरची मर्यादा दिलेली असेल, तर तीच शेवटची.