धंद्याला कॉपीरायटर कधी लागतो? माझं स्पष्ट मत

छोटा धंदा चालवणाऱ्या मंडळींचे मला जे फोन येतात, त्यातले बरेचसे एकाच वाक्याने सुरू होतात. "ताई, वेबसाइट करतोय, मजकूर लिहून द्याल का? किती घ्याल?" मी लगेच दर सांगत नाही. आधी विचारते, की एकदा माल घेतलेलं गिऱ्हाईक परत येतं का, आणि येत असेल तर कशासाठी येतं. पहिल्याचं उत्तर बहुतेकांना माहीत असतं. दुसऱ्यावर जरा वेळ जातो आणि मग "क्वालिटी" असं उत्तर येतं. पुढे विचारलं, की क्वालिटी म्हणजे नेमकं काय, समोरच्या दुकानातही क्वालिटीच मिळते म्हणतात, तर तिथे गाडी अडते. तिथे अडली तर मी ते काम घेत नाही. पैसे नको आहेत म्हणून नाही. त्यांचे पैसे वाया जातील हे मला दिसत असतं म्हणून.

कॉपीरायटर, म्हणजे वेबसाइट, लेबल, जाहिरात यांचा मजकूर लिहून देणारा माणूस, तुमच्या मालाला गिऱ्हाईक शोधून देत नाही, असं माझं ठाम मत आहे. गिऱ्हाईक का येतं, का बिचकतं, कुठे घासाघीस करतं आणि कुठे मुकाट पैसे देतं, हे तुम्हीच गल्ल्यावर बसून, फोन उचलून, पार्सल बांधून शिकायचं असतं. ते शिकून झालं, तीच ती उत्तरं रोज देऊन घसा बसायला लागला आणि आता ती देत बसायला तुम्हाला सवड उरली नाही, की कॉपीरायटर नेमायची वेळ आली असं समजा. त्याआधी नेमलेला लेखक सुंदर वाक्यं लिहून देईल, पण ती वाक्यं शेजारच्या दुकानाच्या पाटीवरही तितकीच शोभतील.

देवगडच्या बाजूचे एक बागायतदार माझ्याकडे आले होते. आंबा थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवायला त्यांनी नुकती सुरुवात केली होती. "ब्रँड स्टोरी" लिहून हवी होती: आजोबांनी लावलेली कलमं, समुद्राचा वारा, कातळावरची बाग. सगळं खरं होतं आणि लिहायला मला आवडलंही असतं. पण मी त्यांना म्हटलं, दादा, हा सीझन तुम्ही स्वतःच विका आणि व्हॉट्सॲपवर लोक जे विचारतील त्यातलं काहीही डिलीट करू नका. सीझन संपला की ते घेऊन या.

ते घेऊन आले. त्या मेसेजांमध्ये आजोबांबद्दल एकाही माणसाने विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते असं: आंबा कच्चा येणार की पिकलेला? गुरुवारी पेटी आली तर रविवारच्या आमरसाला होईल का? फ्रिजमध्ये ठेवू का? साल सुरकुतलीय, खराब झालाय का? कार्बाइड वापरता का? आत साका (गराचा पांढरट, बेचव झालेला भाग) निघाला तर पैसे परत का? आणि सगळ्यात जास्त वेळा: हा खरंच देवगडचा आहे कशावरून?

या माणसाने प्रत्येकाला न कंटाळता उत्तर दिलं होतं, आणि ती उत्तरं इतकी नेमकी होती की मला त्यात फारशी भर घालावी लागली नाही. पेटी आल्या आल्या उघडा, आंबे एकावर एक रचू नका, पेंढ्यावर किंवा वर्तमानपत्रावर पसरा, पिकेपर्यंत फ्रिज दाखवू नका, सुरकुतला तरी टाकू नका, कापून बघा. कार्बाइडवर आंबा पिकवायला आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे, आम्ही आढीतच पिकवतो. साका बाहेरून ओळखू येत नाही, तो फळ कापल्यावरच कळतो, फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत जास्त देतो. हा शेवटचा शब्द त्यांनी सीझनभर पाळला होता, आणि परत आलेली बहुतेक गिऱ्हाइकं त्याच एका कारणाने परत आली होती. त्यांना स्वतःला मात्र ते सगळे मेसेज एकत्र वाचल्यावरच हे दिसलं.

खरा-खोटा हापूस हा तर कोकणाचा जुना सल आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव त्या भागातल्या फळाचंच अशी सरकारी नोंद झाली. तरी दक्षिणेकडून आलेला आंबा हापूस म्हणून बाजारात खपतोच. मग गिऱ्हाईक शंका घेणार, आणि तिचं उत्तर भावनेने देऊन भागत नाही. मानांकनाची नोंदणी दाखवावी लागते, बाग कुठल्या गावात आहे ते सांगावं लागतं, फळ कधी उतरवलं ते पेटीवर लिहावं लागतं. त्यांच्यासाठी पेटीत ठेवायचा एक कागद आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचे पाच-सहा तयार मेसेज, एवढंच मी लिहिलं. वेबसाइट नंतर झाली. कातळावरची बाग तिथे आली, पण पहिल्या ओळीत नाही.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. मराठी मुलखातच याचं मोठं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो कुणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली असं सांगतात. त्या काळात कितीही देखणी जाहिरात केली असती, तरी ती या भीतीला धडकून फुटली असती. कारण शेतकऱ्याची हरकत किमतीवर नव्हती, नांगराच्या रूपावर नव्हती, ती जमिनीबद्दलच्या काळजीतून आलेली होती. ती हरकत ऐकायला शेतकऱ्याच्या बांधावरच जावं लागतं. पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, कारखाना वाढला, आणि 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याचं घरचं पत्र म्हणून सुरू झालेलं ते मासिक पुढे मराठीतलं केवढं मोठं प्रकरण झालं, ते वेगळं सांगायला नको. मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. माल आधी, गिऱ्हाइकाच्या शंका नंतर, त्या शंकांना कामातून दिलेली उत्तरं त्यानंतर, आणि लेखणी हातात घेणारा माणूस सगळ्यात शेवटी. मधली वर्षं कोणी फुकट घालवली नव्हती.

आता पैशाचं बोलू, कारण लोक तिथेच अंदाजाने चालतात. समजा तुमचा घरगुती मसाल्याचा धंदा आहे. एका पाकिटामागे सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात 60 रुपये उरतात. लेखक 24,000 रुपये मागतोय. म्हणजे त्याच्या मजकुरामुळे 400 पाकिटं जास्तीची गेली, तर खर्च फिटला. आता स्वतःला विचारा, आज महिन्याला किती पाकिटं जातात? शंभरच जात असतील तर ही 400 पाकिटं म्हणजे चार महिन्यांची सगळी विक्री, आणि ती निव्वळ शब्दांवर वाढेल अशी आशा मी तरी करणार नाही. तोच पैसा सोसायट्यांमध्ये नमुने वाटायला लावा. महिन्याला दोन हजार जात असतील, तर लेबल आणि कॅटलॉग नीट लिहून घेतल्याने वर्षभरात 400 वाढणं अजिबात अवघड नाही. हिशेब पाकिटाच्या मागच्या बाजूवर मावेल एवढाच आहे, पण तो मांडून माझ्याकडे आलेली माणसं मोजकीच आहेत.

हिशेब जमतो आणि तरीही वेळ आलेली नसते, असंही होतं. एक म्हणजे दर आणि माल अजून हलता असतो. या महिन्यात पाव किलोचं पाकीट, पुढच्या महिन्यात दोनशे ग्रॅमचं, मग "पेस्टही काढतोय". दुसरं, निर्णय घेणारा एक माणूस नसतो. घरच्या धंद्यात हे फार होतं. मुलाला इंग्रजी ढंगाचं हवं असतं, वडिलांना "स्थापना अमुक साली" सगळ्यात वर हवं असतं, आणि दोघांच्या मध्ये लेखक महिनाभर दुरुस्त्या करत राहतो. शेवटी जे छापलं जातं ते कुणाचंच नसतं. आधी घरात ठरवा, की मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा. तिसरी अडचण सगळ्यात गंभीर. विक्री खाली आलीय ती मालामुळे किंवा वेळेवर पोचत नाही म्हणून, आणि उपाय मात्र जाहिरातीत शोधला जातोय. पार्सल आठवडाभर उशिरा जात असेल तर चांगल्या मजकुराने जास्त लोक येतील, जास्त लोक खोळंबतील आणि जास्त लोक वाईट रिव्ह्यू लिहितील. असं काम हातात घेणं मला अन्यायाचं वाटतं. त्या माणसाला डिलिव्हरीची घडी बसवायला कोणीतरी हवं असतं.

दाव्यांबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण छोटे व्यावसायिक इथे खरोखर अडचणीत येऊ शकतात. "शंभर टक्के नैसर्गिक", "मधुमेह बरा करतो", "महाराष्ट्रात नंबर एक". हे लिहून द्या म्हणून मला सांगितलं जातं. मी विचारते, पुरावा काय? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. मधुमेहासारख्या आजारांवर इलाज म्हणून जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने मनाई आहे. 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आटवलेल्या रसात पाणी घालून बनवलेल्या फळांच्या रसावरचा "शंभर टक्के" हा दावासुद्धा काढायला लावला. ही मोठ्या कंपन्यांची डोकेदुखी आहे असं समजू नका, कायदा दुकानाचा आकार बघत नाही. चांगला कॉपीरायटर तुमच्याकडे पुरावे मागेल. प्रयोगशाळेचा रिपोर्ट, गिऱ्हाइकाने लिहून दिलेला आणि वापरायची परवानगी असलेला अभिप्राय, किती वर्षं किती माल दिला याची वही. हे कागद घरात तयार असले, की धंदा लेखकासाठी तयार आहे असं मी धरून चालते. आणि जो लेखक काहीच न विचारता "नंबर एक" लिहून देतो, त्याला काम देऊ नका.

"हे सगळं चॅटजीपीटी करत नाही का?" हा प्रश्न आता प्रत्येक बैठकीत येतो आणि तो रास्त आहे. करतं. इन्स्टाच्या कॅप्शन, सणाच्या शुभेच्छा, ईमेलचा मसुदा, यासाठी छोट्या धंद्याने माणूस नेमू नये असंच मी सांगते. पण वर लिहिलेल्या बागायतदाराचं साक्याचं उत्तर चॅटजीपीटीकडे नव्हतं. ते एका माणसाने सीझनभर स्वतःच्या खिशातून आंबे देऊन कमावलं होतं. तुमच्याकडे असं काही कमावलेलं असेल, तर ते ओळखून नेमक्या जागी मांडायला अनुभवी माणूस लागतो. नसेल, तर यंत्राचं लिखाण आणि माझं लिखाण यात तुम्हाला फारसा फरक दिसणार नाही, आणि मग माझे पैसे का द्यायचे?

तर ज्यांची वेळ आली आहे असं वाटतंय, त्यांनी सुरुवात एका लहान कामाने करावी. आख्खी वेबसाइट एकदम देऊ नका. लेबलाची मागची बाजू द्या, किंवा चौकशीला पाठवायचा पहिला मेसेज द्या. आज दहा चौकश्यांमागे किती ऑर्डरी होतात ते लिहून ठेवा आणि नवा मेसेज दोन महिने वापरून पुन्हा मोजा. लेखकाला दुकानात बोलवा, दिवसभर बसू द्या, गिऱ्हाइकाशी बोलू द्या. यायला तयार नसेल तर दुसरा बघा. दर शब्दावर ठरवू नका. पाकिटावरच्या बारा शब्दांना पानभर मजकुरापेक्षा जास्त दिवस लागू शकतात.

आणि व्यवहार कागदावर करा. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो लेखकच असतो, तुम्ही पैसे दिले तरीही. हक्क तुमच्याकडे यायचे असतील तर तसं लेखी हवं, सहीसकट. त्यात मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांपुरतेच धरले जातात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच. उद्या तुमचा मसाला दुबईला किंवा न्यू जर्सीला जायचा असेल तर ही ओळ विसरू नका. लेखकाचे पैसेही वेळेवर द्या. तो उद्यम पोर्टलवर (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) नोंदलेला असेल तर 45 दिवसांच्या आत द्यायला तुम्ही कायद्याने बांधील आहात, उशीर झाला तर व्याजासकट. अर्धे आधी आणि अर्धे काम हातात आल्यावर, ही पद्धत मला दोन्ही बाजूंना बरी वाटते.

ज्यांना आपली वेळ आलीय की नाही हे ठरवता येत नाहीये, त्यांनी आज रात्री दुकान बंद केल्यावर व्हॉट्सॲप उघडावं आणि गेल्या महिन्यातले गिऱ्हाइकांचे प्रश्न एका वहीत उतरवून काढावेत. एकच प्रश्न पुन्हापुन्हा येत असेल आणि त्याचं तुमचं उत्तर दरवेळी तेच असेल, तर ती वही घेऊन मला मेसेज करा. मी नाही तर दुसरं कोणीतरी चांगलं सुचवेन. प्रश्न रोज वेगळे असतील तर अजून एक सीझन स्वतः विका.