हॉटेलवाली की फार्मावाली?

काल फोंड्याच्या बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याने भर दुकानात हाळी दिली, "हॉटेलवाली कोण? आणि फार्मावाली?" दोन्ही मीच. पेनड्राइव्हमधल्या माझ्या दोन बायोडेटांच्या फाइलींची नावं मोठ्याने वाचायची काय गरज होती, देव जाणे. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

वेर्ण्याच्या औषध कारखान्यात ऑनलाइन अर्ज टाकला की बऱ्याचदा तो आधी संगणक चाळतो. जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे दिसले नाहीत तर माणसाच्या हातात जायच्या आतच बाद. शेजारी-शेजारी दोन रकाने काढून सजावट केली तर तोही गोंधळतो. म्हणून वेर्ण्यासाठी मी शांत, नोंदी चोख ठेवणारी. कळंगुटच्या हॉटेलसाठी हसतमुख, माणसांत रमणारी. त्या बायोडेटात मराठीतलं एम. ए. नाही, कारण मागे एका मुलाखतीत "तुम्ही इथे टिकायच्या नाहीत" असं ऐकून घेतलंय. दोन वर्षं घासून मिळवलेली पदवी मी चोरीच्या मालासारखी लपवते.

रांगेत एक निवृत्त मास्तर होते. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना, आणि मशीनला त्यांचा अंगठा काही केल्या पटत नव्हता. सरकारदरबारी जिवंत ठरेपर्यंत त्यांना दुसरं काम नव्हतं. माझे कागद प्रिंटरमधून पडले ते थेट त्यांच्या हातात.

"कुणाची गो तूं?"

वडिलांचं नाव सांगितलं. वाडा सांगितला. आजोळ सांगितलं. तेव्हा कुठे चष्मा वर गेला आणि खिशातून लाल पेन बाहेर आलं.

"ह्या कागदावर तू हसतेस, ह्या कागदावर गप्प. जुळ्या बहिणी काय?"

"नाही काका, जागेप्रमाणे बदलावं लागतं."

"'सेल्फ मोटिव्हेटेड' म्हणजे?"

"कुणी सांगायची वाट न बघता काम करणारी."

"घरी करतेस?"

झेरॉक्सवाला खिदळला. मास्तरांनी शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. चांगल्या जाड कागदावर! मग छंद तपासले. हॉटेलच्या कागदावर प्रवास, कारखान्याच्या कागदावर वाचन. "प्रवास कुठे केलास?" मी म्हटलं, पणजी. "तो प्रवास नव्हे, कदंबची बस." हे मात्र खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

"आणि गो, तुका सरकारी नाका?"

नको कसं असेल? सरकारी अर्जाला निदान मी हसते की गप्प असते हे कुणी विचारत नाही. मामलेदाराकडून १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणा, कोकणी येणं आवश्यक, मराठी येत असेल तर उत्तम. कोकणी की मराठी म्हणत १९८७च्या राजभाषा कायद्यावरून इथे गोव्यात पिढ्या भांडल्या, आणि माझं एम. ए. येऊन बसलं ते 'उत्तम'मध्ये. वर २०२४ मध्ये पैसे घेऊन सरकारी नोकऱ्या लावून देतो म्हणणाऱ्यांचं प्रकरण गाजलं, अटका झाल्या. त्या गिऱ्हाइकांना कुणी जागेप्रमाणे छंद बदलायला सांगितले नसतील. आम्ही मात्र रात्री बसून 'एक्सेल' हा शब्द वर घ्यावा की खाली यावर डोकं फोडायचं आणि पाठवल्यावर 'मिळाला' एवढंसुद्धा उत्तर येत नाही. नाही म्हणा ना, पण म्हणा तरी!

हे सगळं मी मास्तरांना बोलून दाखवलं, जरा मोठ्यानेच. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "माझा भाचा वास्कोला बोटीच्या कंपनीत आहे. एक प्रत दे."

"कुठली देऊ?"

"दोन्ही दे. लागली ती लागली. दुसरीला सांगू, बहिणीला मिळाली."

तेवढ्यात मशीनने त्यांचा अंगठा मानला. दुकानातल्या दोघांनी चक्क अभिनंदन केलं. मास्तर माझे कागद घडी करून, खिशात कोंबून, हयात असल्याच्या आनंदात निघून गेले.

झेरॉक्सवाल्याने हिशेब मांडला. मास्तरांच्या दोन प्रती माझ्या नावावर. ते ठीक. त्यांच्या पेन्शनच्या पुस्तकाची झेरॉक्सही माझ्याच नावावर.

"ती का म्हणून?"

"तुझे काका न्हय ते?"