एन्कोडर बदलून लॅग जाईलच असं नाही, आधी ओबीएसचे स्टॅट्स उघडा

ओबीएसवर (स्क्रीन रेकॉर्ड आणि स्ट्रीम करायचं सॉफ्टवेअर) गेम रेकॉर्ड करताना लॅग आला की सल्ला ठरलेला: "रेकॉर्डिंग अडकतंय? एनव्हेंक लाव, त्याचं हार्डवेअर वेगळं असतं, गेमवर शून्य लोड. तरी अडकलं तर बिटरेट कमी कर. एक्स२६४ विसरूनच जा." (एन्कोडर म्हणजे फ्रेम्स दाबून व्हिडिओ फाइल बनवणारा भाग; एनव्हेंक हा एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डातला, एक्स२६४ प्रोसेसरवर चालणारा; बिटरेट म्हणजे व्हिडिओत सेकंदाला किती डेटा.) हा सल्ला सगळीकडे फिरतोय आणि नवीन पोरं तो ऐकून एकेक सेटिंग बदलत बसतात, लॅग मात्र जिथल्या तिथे.

वेगळं हार्डवेअर, हे खरंय. पण शून्य लोड? नाही. एन्कोडरकडे फ्रेम जायच्या आधी ओबीएस तो सीन ग्राफिक्स कार्डावरच तयार करतं, म्हणजे गेम कॅप्चर, कॅमेरा, ओव्हरले सगळं एकत्र करून स्केल करणं वगैरे, आणि हे काम तुम्ही कुठलाही एन्कोडर निवडला तरी होतंच. गेमने कार्ड ९९ टक्क्यांवर नेलं असेल तर ओबीएसला वेळेत जागाच मिळत नाही. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, ते हुकले की फ्रेम गेली. शिवाय एनव्हेंकची लुक-अहेड आणि सायको व्हिज्युअल ट्यूनिंग ही दर्जा सुधारणारी सेटिंग्ज चालू असतील तर ती कार्डाचे कूडा कोअर्सही (हिशेब करणारे मुख्य भाग) वापरतात, त्यामुळे तंगी असेल तेव्हा आधी ती बंद करा.

आता मुख्य गोष्ट, जी त्या सल्ल्यात नाहीच. ओबीएसच्या स्टॅट्समध्ये दोन वेगळे आकडे असतात, एक रेंडरिंग लॅगमुळे (सीन तयार करण्यात उशीर झाल्याने) हुकलेल्या फ्रेम्सचा आणि दुसरा एन्कोडिंग लॅगमुळे वगळलेल्या फ्रेम्सचा. रेंडरिंगचा आकडा वाढतोय तर एन्कोडर बदलून सहसा काही होत नाही, गेमच्या एफपीएसला मर्यादा घाला, ग्राफिक्स थोडे उतरवा, विंडोजवर ओबीएस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा म्हणजे त्याला कार्डावर प्राधान्य मिळतं. एन्कोडिंगचा वाढतोय तरच एन्कोडरकडे वळा, प्रीसेट (एन्कोडरची वेग-दर्जाची तयार सेटिंग) हलका करा, रिझोल्यूशन किंवा एफपीएस कमी करा नाहीतर दुसरा एन्कोडर लावून बघा. नेटवर्कमुळे ड्रॉप झालेल्या फ्रेम्स असा तिसरा आकडाही असतो, पण तो स्ट्रीमिंगचा, नुसतं रेकॉर्डिंग करताना त्याच्याकडे बघूच नका.

बिटरेटचं तर मला खरंच वाईट वाटतं, कारण तो उतरवून लोक स्वतःचे चांगले व्हिडिओ चिखल करून घेतात. एन्कोडरला प्रत्येक फ्रेम तपासावीच लागते, बिटरेट निम्मा केला म्हणून काम निम्मं होत नाही. आणि डिस्कची भीती? ५० मेगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट, साधी धड हार्ड डिस्कसुद्धा ते आरामात लिहिते. लोकल रेकॉर्डिंगला सीबीआर (बिटरेट कायम एकच) सोडा, सीक्यूपी (दर्जा ठरवून बिटरेट मोकळा) घ्या, २० च्या आसपास ठेवून बघा.

एक्स२६४ पण टाकाऊ नाही. प्रोसेसरचे कोअर्स मोकळे असतील तर व्हेरीफास्ट प्रीसेटवर छान चालतो. पण गेमच प्रोसेसर खात असेल तर तोच एन्कोडिंग लॅग आणेल, तिथे एनव्हेंक बरोबर.

क्विक सिंकचं, म्हणजे इंटेल प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधल्या एन्कोडरचं, नाव तर कोणी घेतच नाही, इंटेलमध्ये ते २०११ पासून आहे. फक्त नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स बंद असल्याने ते मिळत नाही, आणि बाकीच्यांमध्ये कधीकधी बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणारी सेटिंग्ज) चालू करावं लागतं.

मदत मागताना नुसतं "लॅग होतोय" लिहू नका. रेकॉर्डिंग थांबवलं की ओबीएसच्या लॉगमध्ये रेंडरिंग आणि एन्कोडिंग लॅगचे हे दोन्ही आकडे टक्क्यांसकट येतात, त्या ओळी चिकटवा.